डबीला नाव माहीत नव्हतं

मी काम सोडलं त्या दिवशी टँकरच्या यार्डात मला शाल आणि नारळ दिला. शेठ दोन शब्द बोलला. म्हणाला, काकांच्या पोटातली गोष्ट कधी ओठावर आली नाही. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. ते वाक्य साफ खोटं होतं. एका ड्रायव्हरच्या बहिणीचा लपण्याचा ठिकाणा मी तिच्या नवऱ्याला सांगितला होता, आणि त्याचा आळ त्या ड्रायव्हरच्या जोडीदारावर येऊ दिला होता. नऊ वर्षं तो माणूस चुगलखोर म्हणून ओळखला गेला आणि मी विश्वासाचा म्हणून.

आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. मला कोणाची दया नको, मिळणारही नाही. जे झालं ते झालं तसं लिहितो.

यार्ड अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्याला. शेठ उल्हासनगर कॅम्प एकचा. त्याचे बावीस पाण्याचे टँकर होते. पालेगावात इमारतींमागून इमारती उठल्या, लोक राहायला आले, नळ मात्र मागाहून येणार होते. ते येईपर्यंत आमचं चांगलं चाललं होतं. बारवी धरणाच्या वाटेवरच्या विहिरींवर टँकर भरायचे आणि इमारतींच्या टाक्यांत रिकामे करायचे. मी यार्डाच्या ऑफिसात बसून कोणी किती खेपा मारल्या ते लिहायचो. त्याआधी एका कंपनीत टाइमकीपर होतो. माणसांच्या हजेऱ्या मांडण्यात आयुष्य गेलं.

बारवीच्या रस्त्याला वळणं आहेत. एका वळणावर आमचेच दोन टँकर समोरासमोर धडकले आणि एकाचा पाय गेला. त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीची दोन पोरं आली. त्यांनी काडेपेटीच्या चारपट एवढी काळी डबी दाखवली. ती समोरच्या काचेखाली ठेवायची. एका गाडीतली डबी दुसऱ्या गाडीतल्या डबीशी बिनतारी बोलते, मी येतोय, एवढ्या वेगाने येतोय, ब्रेक मारलाय. वळणापलीकडची गाडी दिसायच्या आत इकडची डबी टिकटिक करते. शिवाय दिवसभर गाडी कुठे फिरली, कुठे थांबली, तो माग डबीत साठतो आणि गाडी यार्डात शिरली की छपरावरच्या अँटेनातून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरतो.

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर ड्रायव्हर उठून उभे राहिले.

त्यांच्यात एक होता बारवीकडच्या पाड्यावरचा. चाळिशीच्या आतला, काटक, तोंडाने अतिशय खराब. मला तो आवडत नव्हता, आजही आवडत नाही. जे लिहायचंय ते नीट कळावं म्हणून हे सांगून टाकतो.

तो म्हणाला, "काका, ही डबी आधी तुमच्या घरात काकूंच्या गळ्यात बांधा. आठ दिवस बघू काय काय कळतं. मंग आमच्या गाडीत ठेवा."

सगळे हसले. पुण्याची पोरंसुद्धा हसली. मी हसलो नाही. माझी बायको तेव्हा अंथरुणावर होती आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. पण माहीत नसताना बोललेलंही लागतंच.

पुण्याच्या पोरांनी समजावलं, डबीला ड्रायव्हरचं नाव माहीत नसतं. ती फक्त एक नंबर सांगते आणि तो नंबर दर आठवड्याला बदलतो. या आठवड्याचा नंबर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाचा तरी. कॉम्प्युटरवर दिसतात ते नंबर, माणसं नाहीत. कोणता नंबर कोणाकडे हे एका वहीत लिहायचं, वही कुलपात ठेवायची आणि फक्त अपघात झाला तर दोन ड्रायव्हरांसमोर उघडायची. वही ठेवायला दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस पाहिजे.

शेठ म्हणाला, "देखो साईं, अपने को टँकर से मतलब. ड्रायव्हर रस्त्यात कुठे पान खातो, मला काय करायचंय? वही काकांकडे."

ड्रायव्हरही कबूल झाले. तो पाड्यावरचा सोडून. तो एवढंच म्हणाला, "वही काकांकडे, आणि काका कोणाकडे?"

त्याचा जोडीदार त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवत होता. हे दोघे पालेगावात एका खोलीत राहायचे. जोडीदार घाटावरचा, उंच, मुलखाचा शांत. भाकरी तो थापायचा, कालवण पाड्यावरचा करायचा. खोलीचं दार ओढून घेत, पण कुलूप लावत नसत. एकाची चप्पल दुसरा घालून यायचा.

मग दर सोमवारी सकाळी चिठ्ठ्या निघू लागल्या. कॉम्प्युटर डब्यांना नवे नंबर द्यायचा. त्या नंबरांच्या चिठ्ठ्या माझ्या आधीच्या कंपनीतल्या एका जुन्या पिवळ्या हेल्मेटात टाकायचो. ड्रायव्हर एकेक हात घालायचा, चिठ्ठी दाखवायचा, त्या नंबरची डबी घेऊन जायचा आणि मी वहीत लिहायचो. थोड्याच सोमवारांत माझ्या लक्षात आलं की वही खोटी होतेय. आमच्या लोकांना शेवटी आठ आलेला चालत नसे, शनीचा म्हणून. सात सगळ्यांना हवा. ऑफिसातून बाहेर पडले की टँकरांच्या मागे जाऊन डब्या बदलून घ्यायचे. एका साताला एक वडापाव. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. मला वाटायचं बरंच आहे, वहीच खोटी तर माझ्यावरचा भार कमी.

पण नंबर बदलला म्हणून माणूस बदलत नाही. ही गोष्ट पुण्याच्या पोरांनी सांगितली नव्हती आणि ती मला कोणी शिकवायची गरजही नव्हती. तीस वर्षं मी हजेऱ्या मांडल्या होत्या. कोण सोमवारी उशिरा येतो, कोण पगारानंतर दोन दिवस गायब होतो, हे मला नाव झाकून ठेवलं तरी ओळखता यायचं.

कॉम्प्युटरच्या नकाशावर दर आठवड्याला बावीस रेघा यायच्या. त्यातली एक रेघ रोज, दुपारच्या पहिल्या खेपेला, विहिरीवरून परत येताना मोठ्या जांभळीच्या वळणापाशी अकरा-बारा मिनिटं थांबायची. तिथे टपरी नाही, देऊळ नाही, गॅरेज नाही. आत पायवाट जाते आणि वर टेकाडावर सात-आठ घरांचा दुसराच एक पाडा आहे. या आठवड्यात तो नंबर वेगळा, पुढच्या आठवड्यात वेगळा, जांभळीचा थांबा तोच. मग मी हजेरीचं बुक उघडलं. पाड्यावरचा तापाने तीन दिवस आला नव्हता, त्या तीन दिवसांत जांभळीपाशी कोणीच थांबलं नव्हतं.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मी धरलं की हा पाणी विकतो. माझ्या घरावर बोलणारा हा मोठा इमानदार आणि वाटेत टँकर मोकळा करतो. मी शेठला लगेच सांगितलं नाही. कधीतरी चारचौघांत काढीन म्हणून जपून ठेवलं.

ते पाणीच होतं, हे नंतर कळलं. धरणाच्या एवढ्या जवळ राहून उन्हाळ्यात त्या टेकाडावर प्यायला पाणी नसायचं. तो दोन पिंपं भरून द्यायचा, फुकट. पण पाणी वरचं निमित्त होतं. त्याची धाकटी बहीण नवऱ्याच्या मारातून पळाली होती आणि त्या पाड्यावर एका लांबच्या म्हातारीकडे राहत होती. आईबापाच्या पाड्यावर नवरा सगळ्यात आधी जाणार म्हणून इकडे. हंडा घेऊन ती खाली रस्त्यावर यायची आणि भावाला बघून वर जायची. हे फक्त जोडीदाराला माहीत होतं.

मे महिन्यात एक माणूस ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाव किलो पेढे. खाली वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, तुमच्या त्या पाड्यावरच्या ड्रायव्हरचा मी मेव्हणा. बायको रागावून गेलीय. घरात तीन वर्षांचा मुलगा रडतोय. हा भाऊ सांगत नाही तिला कुठे ठेवलीय. मी काय तिला खाणार आहे का? घर मोडतंय, काका."

मी म्हटलं, "मग त्यालाच विचारा. मी काय सांगणार?"

"तो मला दारात उभा करत नाही. तुमच्याबद्दल काय बोलतो ते ऐकलंय मी. म्हणतो आमच्या यार्डात एक म्हातारा बसवलाय, आमच्या मागे कुत्र्यासारखा."

तो हे खरं सांगत होता की मला चिथवायला, माहीत नाही. तेव्हा मला खरं वाटलं, कारण ते त्या ड्रायव्हरच्याच तोंडचं वाटत होतं. मी पेढ्यांकडे बघत होतो. डोक्यात एकदम गोष्ट जुळली. पाणी नाही, बाई आहे तिथे.

मी त्याला म्हटलं, "बारवीच्या रस्त्याला मोठ्या जांभळीचं वळण आहे. वर सात-आठ घरं आहेत. दुपारी एकच्या सुमाराला जा."

यासाठी मला कुलूप उघडावं लागलं नाही की वही काढावी लागली नाही. एवढं एक वाक्य बोललो. नंतर मी स्वतःला सांगत राहिलो की मी घर जोडलं. आमच्या पिढीत बाई माघारी पाठवणं हे पुण्याचं काम समजत. पण खरं कारण ते नव्हतं. त्या ड्रायव्हरचं नाक खाली व्हावं एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा जीप आणि तिघे भाऊ घेऊन गेला. ती रिकामा हंडा घेऊन खाली उतरत होती. तिला पायवाटेवरून ओढत आणलं, त्यात तिचा डावा हात कोपरात मोडला. पाड्यावरच्या बायका आडव्या आल्या, त्यांनाही लोटलं. भावाचा टँकर तोपर्यंत जांभळीपाशी पोचला नव्हता, विहिरीवर लाइन होती. तो पोचला तेव्हा रस्त्यावर हंडा पडला होता आणि म्हातारी रडत होती. नवऱ्याने मोडलेल्या हाताची दवादारू केली नाही. दोन महिन्यांनी तो हात सडायला लागला तेव्हा शेजारणीने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून ती पुन्हा नवऱ्याच्या घरी गेली नाही. हात वाचला, पण सरळ होत नाही. मुलगा नवऱ्याकडे राहिला.

ज्या दिवशी तिला नेलं, त्याच दिवशी पाड्यावरचा यार्डात आला. टँकर आडवा लावला, उतरला आणि जोडीदाराच्या समोर जाऊन उभा राहिला.

"दोघांनाच माहीत होतं," तो म्हणाला. "मला आन् तुला."

"मी नाही सांगितलं."

"मंग जांभळीनं सांगितलं?"

जोडीदार म्हणाला, "डबी असंल. डबीत सगळं दिसतं. काकांना विचार."

सगळे माझ्याकडे वळले. दहा-बारा जण होते. शेठही त्या दिवशी आला होता, खुर्चीवर बसून उसाचा रस पीत होता. पाड्यावरचा माझ्याजवळ आला. पहिल्यांदा तो माझ्याशी नीट बोलला.

"काका, खरं सांगा. डबीवरून कळतं का, कोण कुठं थांबला?"

हजेरीचं बुक माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी म्हटलं, "डबीला नाव माहीत नसतं. तुमच्यासमोरच ठरलंय. नंबर दर सोमवारी बदलतो. आणि वही कुलपात आहे, हवी तर उघडून बघा."

त्यांनी उघडायला लावली. त्या आठवड्यात त्याच्या नावासमोरचा नंबर कॉम्प्युटरवर शोधला. तो नंबर जांभळीपाशी थांबलेलाच नव्हता. कारण साताच्या नादात डब्या बदललेल्या होत्या. वही खोटी आहे हे तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं, पण वडापावसाठी डबी बदलली हे शेठसमोर कोण बोलणार? सगळे गप्प बसले. मीही बसलो.

शेठ म्हणाला, "मशीन झूठ नहीं बोलती, साईं."

पाड्यावरच्याने जोडीदाराच्या कानाखाली मारली. जोडीदाराने हात उचलला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी वही बंद करत होतो.

नंबर बदलायची ती सगळी व्यवस्था ड्रायव्हरांना झाकण्यासाठी केली होती. त्या दिवशी तिने मला झाकलं. डबी सांगत नाही असं मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणजे सांगणारा माणूसच असला पाहिजे, आणि तो माणूस कोण हे ठरलेलंच होतं.

जोडीदाराला मग कोणी डब्यातली भाजी देईना. तो आला की चहाच्या टपरीवरचं बाकडं रिकामं व्हायचं. कोणीतरी त्याच्या टँकरच्या दारावर खडूने "खबरी" लिहिलं. ते त्याने पुसलं, दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांत तो काम सोडून गेला. त्याचं अंथरूण पाड्यावरच्याने खोलीबाहेर गटारापाशी ठेवलं होतं.

मी आणखी सहा वर्षं दर सोमवारी चिठ्ठ्या काढल्या.

गेल्या दिवाळीआधी मी पडदे घ्यायला उल्हासनगर कॅम्प एकला गेलो होतो. एका दुकानासमोर एक उंच माणूस हातगाडीवर कापडाचे गठ्ठे रचत होता. दाढी पांढरी झाली होती. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. मी बाजूने निघून जाणार होतो.

तो म्हणाला, "जा, जा काका. तुम्हाला बाजूने जायची सवय आहे."

मी थांबलो. म्हटलं, "कसा आहेस?"

"बघताय ना. ड्रायव्हरकी गेली. जिथे जावं तिथे आधी नाव पोचायचं, हा खबरी. तुमची डबी नाव सांगत नव्हती, पण माझं नाव बिनतारी सगळीकडे गेलं."

माझ्या तोंडातून निघालं, "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. मी बघत होतो तुमच्याकडे. सगळे माझ्याकडे बघत होते, तुम्ही एकटेच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं? मशीन झूठ नहीं बोलती." त्याने गठ्ठ्याची दोरी ओढून गाठ मारली. "मला तुमची माफीबिफी नको. जाऊन त्याला सांगा. आणि यार्डात सांगा, सोमवारी, सगळे असताना. माझ्यासमोर रडू नका, धंद्याचा टाइम आहे."

मी रडत नव्हतो. पण त्याने तसं म्हटल्यावर मला तिथून हलवेना.

आठ दिवसांनी बदलापूरहून रिक्षा करून मी बारवीकडच्या पाड्यावर गेलो. पाड्यावरच्याचं घर आता पक्कं झालंय. ओट्यावर एक बाई उजव्या हाताने तांदूळ पाखडत होती, डावा कोपरात वाकडा, पोटाशी धरलेला. कोण म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, यार्डातले काका. तिने पाणी आणून दिलं. ते मी प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

तो आतून आला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, पेढ्यांपासून वहीपर्यंत. बहिणीचं सूप थांबलं होतं.

तिने विचारलं, "पेढे खाल्ले का तुम्ही?"

मी म्हटलं, "हो."

ती पुन्हा पाखडायला लागली.

तो ओट्याची कड नखाने उकरत होता. मग म्हणाला, "म्हातारा नसता तर इथंच गाडला असता तुला." इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं आणि मला ते योग्य वाटलं. मग म्हणाला, "तो कुठं हाय आता? पत्ता दे त्याचा. मला त्याच्याकडं जायचंय."

दुकान मला माहीत होतं, गल्ली माहीत होती, तो हातगाडी कुठे लावतो हेही माहीत होतं. मी म्हटलं, "त्याला विचारतो. तो हो म्हणाला तर सांगतो."

तो हसला. ते हसणं मी सांगू शकत नाही. "आता विचारून सांगणार? आता शिकलास?"

मी परत कॅम्प एकला गेलो आणि विचारलं. जोडीदाराने काम थांबवलं नाही. म्हणाला, "नको. त्याला सांगू नका. त्याने माझं अंथरूण गटाराशी ठेवलं. बहिणीचा हात कसा आहे?"

मी सांगितलं, वाकडाच आहे.

"यार्डात सांगितलंत?"

"या सोमवारी सांगतो."

सोमवारी सकाळी मी यार्डात गेलो. ड्रायव्हर बरेच नवे, पण आठ-नऊ जुने होते. पाड्यावरचाही आला होता. तो त्या यार्डात आता काम करत नाही, मी निरोप पाठवला म्हणून मुद्दाम आला होता. माझ्या जागेवर बसणाऱ्या माणसाने पिवळं हेल्मेट टेबलावर ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी वही खोटी होती आणि तुम्हाला माहीत होतं, हेही सांगितलं, म्हणजे मी एकटाच नागवा राहू नये अशी माझी नियत अजून होतीच. जुन्यांनी माना खाली घातल्या. शेठ म्हणाला, "काका, बुढापे में ये सब क्यूँ?"

एका नव्या ड्रायव्हरने विचारलं, "म्हणजे नंबर बदलला तरी आजही कळतं? रोज कुठे थांबतो त्यावरून?"

"कळतं," मी म्हटलं. "बसून बघणारा पाहिजे, बास."

त्या सोमवारी हेल्मेटात कोणी हात घातला नाही. वळणावर टिकटिक हवी, माग नको, असं काहीतरी शेठशी वाजायला लागलं. ते त्यांचं भांडण होतं, मी दारापाशी आलो.

पाड्यावरचा बाहेर टँकरच्या सावलीत उभा होता. "काय म्हणाला तो?"

"सांगू नका म्हणाला."

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता गळा धरेल. पत्ता माझ्याकडे आहे हे त्याला कळत होतं आणि मी किती घाबरट आहे हेही माहीत होतं. एक धक्का दिला असता तर मी बोललो असतो.

"मंग नको सांगूस," तो म्हणाला, आणि बारवीच्या रस्त्याला लागला.